दऱ्या की दर्या?

मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाताना खोल दऱ्या लागतात. ह्या 'दऱ्या' संगणकावर लिहिताना पुष्कळांच्या हातून 'दर्या' उमटतो. आणि दर्या म्हणजे तर समुद्र! शहापूर-मुरबाडच्या डोंगरांत तो कोठून यावा?

मुलांनो, संगणकाला अक्षराचे रूप दिसत नाही. त्याला केवळ अंक कळतात. १९९१ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या युनिकोड ह्या संकेतात 'र'चा क्रमांक ०९३० असून खाली टिंब असलेल्या 'ऱ'चा ०९३१ आहे. 'र', हलन्त व 'या' असे लिहिले, की रफार डोक्यावर चढतो. 'र'च्या जागी 'ऱ' घेतला म्हणजे दऱ्या अवतरतात. इन्स्क्रिप्ट कळफलकावर त्यासाठी 'र'चीच कळ शिफ्टसह दाबावी.

येथवर सोपे. खरी गोम पुढेच आहे. 'र', हलन्त आणि मागोमाग एक अदृश्य जोडचिन्ह, ह्या क्रमानेही हुबेहूब तेच रूप उमटते. डोळ्यांना दोन्ही शब्द एकच. संगणकाला मात्र निराळे. गावाच्या यादीत 'कुऱ्हाडे' हे आडनाव एका क्रमाने लिहिलेले असावे आणि शोधणाऱ्याने ते दुसऱ्या क्रमाने लिहावे, की 'असे नाव नाही' हे उत्तर ठरलेले! नाव असून माणूस नाहीसा.

म्हणून जाणते आज्ञावलीकार आपल्या टिपणवहीत एक ओळ जपून ठेवतात: शोधापूर्वी, 'र-हलन्त-जोडचिन्ह' जेथे आढळेल तेथे 'ऱ-हलन्त' घालावे. हा बदल यादीत आणि शोधशब्दात, दोहोंतही करावा लागतो. कित्येक जण अदृश्य चिन्हे केर समजून आधीच झाडून टाकतात. मग मात्र दऱ्यांचा पुन्हा दर्याच होतो.