जठरातील दुर्मिळ गाठ : निदान व उपचार

जठरात गाठ आहे म्हणजे कर्करोग, आणि कर्करोग म्हणजे सारे संपले, अशी समजूत सर्वत्र आढळते. वस्तुतः जठरातील सर्व गाठी एकाच जातीच्या नसतात. नेहमी आढळणारा कर्करोग जठराच्या आतील अस्तरातून उद्भवतो. त्याहून दुर्मिळ अशी एक गाठ जठराच्या भिंतीतील स्नायूंच्या थरात वाढते. तिला ‘जिस्ट’ म्हणतात. पचनमार्गाच्या हालचालींचे नियमन करणाऱ्या काजाल पेशींशी तिचे नाते आहे.

ही गाठ पुष्कळ काळ त्रास देत नाही. पुढे थोड्या अन्नाने पोट भरणे, पोटात जडपणा वाटणे, थकवा व रक्तक्षय ही लक्षणे दिसू लागतात. गाठीतून रक्तस्राव झाल्यास डांबरासारखे काळे शौचास होते. लोहाच्या गोळ्यांमुळेही शौचाचा रंग काळा होतो. तथापि, गोळ्यांकडे बोट दाखवून रक्तक्षयाचे कारण शोधण्याचे टाळू नये.

गाठ अस्तराखाली असल्याने दुर्बिणीतून घेतलेल्या वरवरच्या तुकड्यात ती सापडेलच असे नाही. अशा वेळी दुर्बिणीद्वारे केलेली सोनोग्राफी व सीटी स्कॅन उपयुक्त ठरतात. काढलेल्या तुकड्याची ‘सीडी ११७’ ही तपासणी बहुतेक वेळा निदान पक्के करते.

शक्य असेल तेथे शस्त्रक्रियेने गाठ अखंड काढणे हा मुख्य उपचार होय. नेहमीच्या केमोथेरपीचा येथे फारसा उपयोग होत नाही. म्हणूनच अचूक निदानाला महत्त्व आहे. १९९८ साली जपानी संशोधकांनी या गाठीतील ‘किट’ जनुकाचा दोष दाखवून दिला. त्या दोषाचे कार्य रोखणाऱ्या इमॅटिनिब या गोळीला २००२ साली अमेरिकेत या रोगासाठी मान्यता मिळाली. हे औषध लागू पडेल की नाही, याचा अंदाज जनुकीय तपासणीने येतो. गाठ पुन्हा उद्भवण्याचा धोका मोठा असल्यास शस्त्रक्रियेनंतर सामान्यतः ३ वर्षे गोळ्या देतात. रोग पसरलेला असल्यास त्या दीर्घकाळ चालू ठेवाव्या लागतात.

इमॅटिनिबच्या एका रूपाचे पेटंट सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नाकारले. त्यामुळे भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्यांचा मार्ग मोकळा राहिला.

बरे वाटू लागले म्हणून गोळ्या बंद करणे मात्र घातक ठरते, कारण रोग पुन्हा बळावतो. रुग्णास वेळीच मोठ्या रुग्णालयात पाठविणे व त्याचा उपचार खंडित होऊ न देणे, या दोन्ही कामी गावातील शिक्षक व पंचायत सदस्य मोलाचे साहाय्य करू शकतात.