शाळेच्या परसबागेतील उन्हाळा

चैत्र-वैशाखात शाळेची परसबाग ओसाडच व्हावयाची, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः हात धुण्याचे पाणी वाफ्यांकडे वळविले, तर गवती चहा, सब्जा व पुदिना याही दिवसांत तग धरतात. पुदिन्यास मात्र दुपारची सावली हवी. सब्जाला तुरे आले की सकाळी त्यांवर मधमाश्यांची वर्दळ सुरू होते. पुढे त्याच तुऱ्यांतील बी पाण्यात फुगवून सरबतात घालतात.

खरे कौतुक पाहावे ते कढीलिंबावर. लिंबू व कढीलिंब ही एकाच कुळातील झाडे. त्यांच्या कोवळ्या पानांवर काही फुलपाखरे एकेक अंडे घालतात. लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, त्यामुळे भक्षक फसतो. मोठेपणी ती हिरवीगार होते आणि डिवचल्यास डोक्यामागून दुभंगलेले, उग्र वासाचे शिंग बाहेर काढते. मुलांना ते अवश्य दाखवावे. २०१५ साली राज्य फुलपाखराचा मान मिळालेली राणी पाकोळीही याच कुळातील झाडांवर वाढते.

या अळ्या लहान रोप निष्पर्ण करतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि त्यासाठी विषारी फवारणी करणे सर्वथा अयोग्य होय. तीच पाने दुपारी मुलांच्या आमटीत पडतात. अळ्या हलक्या हाताने उचलून मोठ्या झाडावर सोडाव्यात. शाळेत तसे झाड नसल्यास गावात एखाद्या परसात ते सहज सापडते. सुटीत पाणी घालण्याच्या पाळ्या मात्र ग्रामपंचायतीने एप्रिलमध्येच ठरवून द्याव्यात.