पन्हळी पुठ्ठ्याची कातरण : ती कशी काढावी व कशी राखावी

किराणा दुकानाच्या दारात रिकामी खोकी रचून ठेवलेली आपण रोज पाहतो. साबण, बिस्किटे, औषधे, पंखे, आंबे, द्राक्षे, सारे काही आज पन्हळी पुठ्ठ्याच्या खोक्यांतून येते. परंतु ते खोके तयार होताना जे तुकडे कापून बाजूला पडतात, त्यांचे पुढे काय होते, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. आपल्या न्यासाच्या सभासद कुटुंबांतील काही तरुण मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत अशा कारखान्यांत कामास आहेत; काहींच्या मनात स्वतःचा लहानसा कारखाना काढण्याचेही आहे. महोत्सवाच्या या स्मरणिकेत गुणगौरवाबरोबर एखादा उपयोगाचा धडाही असावा, या हेतूने आम्ही हा विषय घेतला आहे.

खोक्याची घडण

साध्या तीन थरी पुठ्ठ्यात दोन सपाट कागद असतात आणि त्यांच्यामध्ये नागमोडी वळवलेला तिसरा कागद मक्याच्या स्टार्चच्या खळीने चिकटवलेला असतो. सपाट पत्रा वाकतो, पण पन्हळी पत्रा छपराचा भार पेलतो. तोच न्याय येथे कागदाला लागू पडतो. अधिक जड मालासाठी पाच किंवा सात थरांचा पुठ्ठा करतात.

या वस्तूचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. १८५६ साली इंग्लंडमध्ये हीली आणि ॲलन यांनी उंच टोप्यांच्या अस्तरासाठी चुण्यांच्या कागदाचे पेटंट घेतले. १८७१ मध्ये न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्स यांनी बाटल्या व दिव्यांच्या काचा गुंडाळण्यासाठी पन्हळी कागद वापरला, आणि १८७४ मध्ये ऑलिव्हर लाँग यांनी त्याला सपाट कागदाचे अस्तर जोडले. पुढे १८७९ च्या सुमारास ब्रुकलिनमधील रॉबर्ट गेअर यांच्या छापखान्यात पिशव्या छापताना धातूची एक पट्टी जरा उंच बसली आणि तिने कागदाला घडी पाडण्याऐवजी तो कापला. कापणे आणि घडी पाडणे ही दोन्ही कामे एकाच दाबात होऊ शकतात, हे गेअर यांनी त्यावरून ओळखले. आजच्या डायचे मूळ तेच. एका दाबात कापणे सुरू झाले, आणि कापलेला निरुपयोगी तुकडा वेगळा कसा काढावा, हा प्रश्नही त्याच्या पाठोपाठ आला.

कातरण कोठे निघते ?

कातरण मुख्यतः तीन ठिकाणी निघते. पहिली कडेची पट्टी. कागद एकमेकांवर चिकटवताना कडा तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून तावाच्या कडा कापून सरळ कराव्या लागतात. दुसरी खाचांची. खोके उलगडून जमिनीवर पसरले तर चार भिंती एका ओळीत दिसतात आणि त्यांच्या वर-खाली झाकणाच्या पाकळ्या असतात. पाकळ्या मोकळ्या दुमडाव्यात म्हणून वर तीन व खाली तीन अशा सहा खाचा पाडतात. शिवाय तारेचे टाके मारण्यासाठी जी जोडपट्टी ठेवतात, तिच्या दोन्ही टोकांचे तुकडे कापतात. तिसरी डायची. नाशिकच्या द्राक्षांच्या किंवा कोकणातील हापूसच्या खोक्यांना हवा खेळण्यासाठी भोके ठेवावी लागतात. त्यांच्या चकत्या, आणि हात घालून उचलण्याच्या खिडक्यांचे तुकडे, हे या वर्गातले.

एक हिशेब

आता एक हिशेब करून पाहू. ४० सें.मी. लांब, ३० सें.मी. रुंद व ३० सें.मी. उंच असे खोके घ्या. त्याच्या चार भिंती मिळून १४० सें.मी. आणि जोडपट्टी ४ सें.मी. अशी लांबी १४४ सें.मी. झाली. उंची ३० आणि वर-खाली पाकळ्या १५–१५, मिळून रुंदी ६० सें.मी. म्हणजे नेमका ताव ८६४० चौरस सें.मी.चा. कडा कापण्यासाठी लांबीत २ व रुंदीत ३ सें.मी. जास्त धरले, तर मूळ ताव १४६ × ६३, म्हणजे ९१९८ चौरस सें.मी. होतो. कडेची पट्टी ५५८ गेली. सहा मि.मी. रुंदीच्या सहा खाचा ५४ झाल्या, जोडपट्टीचे दोन तुकडे १२० झाले. एकूण ७३२, म्हणजे शेकडा सुमारे ८.

आता तीच दोन खोकी एका रुंद तावावर शेजारी शेजारी मांडा. मूळ ताव १४६ × १२३ होतो, कारण मधली कड दोघांची एकच असते. तेथे कातरण शेकडा ५.७ पर्यंत उतरते. एक टन पुठ्ठ्यामागे सुमारे २३ किलोंची बचत केवळ मांडणी बदलल्याने झाली. यंत्र तेच, कागद तोच, कामगार तेच ! तात्पर्य, कातरण काढण्याचा पहिला उपाय कागदावर पेन्सिलीने करावयाचा असतो. त्रैराशिक येणाऱ्या मुलाला हे साधते. म्हणून शाळेतील गणित पुढे कोठे उपयोगी पडते, असे विचारणाऱ्या पालकांना आम्ही हे उदाहरण देतो.

कातरण कशी काढावी ?

जी कातरण टळत नाही, ती कापल्याबरोबर व पुरती सुटली पाहिजे. खाचेचा तुकडा पाकळीला लोंबत राहिला तर तो पुढच्या यंत्रात अडकतो, किंवा खोक्यात पडून मालाबरोबर ग्राहकाच्या घरी जातो. औषधांच्या किंवा फळांच्या खोक्यात असा तुकडा निघाला की सारा माल परत येण्याची वेळ येते, आणि लहान कारखानदाराचा महिन्याचा नफा त्यात बुडतो.

तुकडा लोंबण्याची कारणे बहुधा तीन असतात : पाते बोथट झालेले असते, वरचे व खालचे पाते एकमेकांशी जुळलेले नसते, किंवा खळ सुकण्यापूर्वीच ओला ताव कापायला घेतलेला असतो. ओला पुठ्ठा कापला जाण्याऐवजी दबतो. म्हणून ताव पुरता सुकू द्यावा आणि पाते वेळेवर घासावे. घाईने वाचवलेला तास पुढे दोन तास खातो.

डायमध्ये प्लायवुडच्या फळीत पोलादी पाती ठोकलेली असतात आणि पात्यांच्या बाजूला रबराचे तुकडे चिकटवतात. दाब सुटल्यावर हे रबर फुगून पुठ्ठ्याला पात्यावरून ढकलते. रबर झिजले की चकती पात्यातच अडकून बसते. ताव फुटू नये म्हणून पात्याला बारीक खाचे ठेवतात, त्यामुळे तुकडा दोन-चार ठिकाणी तावाला धरून राहतो. हे खाचे गरजेपुरतेच असावेत. लहान कारखान्यांत कापलेल्या तावांची थप्पी सारखी लावून तिच्या बाहेर आलेल्या कातरणीवर लाकडी हातोडीने ठोकतात, म्हणजे अनेक तावांची कातरण एकदम गळते. मोठ्या यंत्रांत वरून खिळे तुकड्याला खाली ढकलतात आणि खालच्या फळीतील नेमक्या भोकातून तो पडतो.

कडेच्या पट्ट्या मोठ्या कारखान्यांत पंख्याच्या जोराने नळातून ओढून नेतात. नळाच्या शेवटी शंकूच्या आकाराचे भांडे असते. त्यात हवा गरगर फिरते, जड तुकडे भिंतीला लागून खाली उतरतात व हवा वरून निघून जाते. खळ्यावर उफणताना वारा भूस दूर नेतो व दाणा खाली पडतो, त्यातलाच हा प्रकार.

हात सांभाळा

हा भाग आम्ही मुद्दाम वेगळा काढला आहे. चालू यंत्रात अडकलेला तुकडा बोटाने काढण्याचा मोह फार वाईट. तुकड्याची किंमत पैशात मोजता येते, बोटाची येत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने यंत्राच्या फिरत्या भागांना आडोसा हवा असा दंडक घालून दिला, तो अशाच अनुभवांतून. यास्तव प्रत्येक कामगाराने तीन गोष्टी पाठ कराव्यात : आधी यंत्र थांबवावे, मग वीज तोडावी, आणि मगच हात घालावा, तोही शक्यतो आकड्याने किंवा लाकडी काडीने. सैल बाह्या, लोंबते रुमाल व हातातली कडी यंत्राजवळ नकोत. मालकानेही यंत्र थांबवल्याबद्दल कोणास बोल लावू नये. ज्या कारखान्यात यंत्र थांबवणे हा गुन्हा ठरतो, तेथे अपघात ठरलेलाच.

कागदाची धूळ व कातरणीचे ढीग आगीला आमंत्रण देतात. विजेच्या पेटीजवळ ढीग साचू देऊ नये, विडी-सिगारेटला आत मज्जाव असावा, आणि रोज संध्याकाळी झाडलोट व्हावी.

कातरण कशी राखावी ?

कातरण म्हणजे कचरा, ही समजूत चुकीची आहे. वापीच्या परिसरात क्राफ्ट कागदाच्या अनेक गिरण्या आहेत, आणि त्यांचा मुख्य कच्चा माल रद्दी हाच आहे. गिरणीत कातरण पाण्यात घुसळून लगदा करतात, चाळण्यांतून तारा व खडे वेगळे काढतात आणि लगद्याचा पुन्हा कागद करतात. मात्र दर फेरीत तंतू आखूड होत जातात, म्हणून गिरणीला नव्या, न वापरलेल्या पुठ्ठ्याच्या कातरणीची विशेष गरज असते. कारखान्यातील कातरण नेमकी तशीच असते, पण ती स्वच्छ राहिली तरच ! तिच्यात टाक्यांच्या तारा, चिकटपट्टी, प्लॅस्टिकचा थर दिलेले तुकडे, तेलाच्या चिंध्या किंवा चहाचे कप मिसळले की भाव उतरतो. यासाठी यंत्राजवळ दोन टोपल्या ठेवाव्यात, एक शुद्ध कातरणीची व दुसरी उरलेल्या केराची. कातरण कोरड्या जागी, जमिनीपासून उंचावर ठेवावी आणि दाबून गासड्या बांधाव्यात. पावसाळ्यात भिजलेली कातरण कुजते. रोज किती कातरण निघाली हे वजन करून वहीत लिहावे. आकडा एकाएकी वाढला तर पाते, मांडणी किंवा माणसाची दमछाक, यांपैकी काहीतरी बिघडले आहे असे समजावे.

आपल्या घरांतून जुन्या साडीची गोधडी होते आणि शिळ्या पोळीचा कुस्करा होतो. ही काटकसर आपल्याला आयांनी व आज्यांनी शिकवली. तीच दृष्टी कारखान्यात नेली, तर धंद्यात बरकत येईल, गिरणीला माल मिळेल आणि आपली मुले दहाही बोटे शाबूत ठेवून घरी परततील. तरुण सभासदांनी हा हिशेब आपल्या कारखान्यातील एखाद्या खोक्यावर स्वतः करून पाहावा, एवढीच विनंती करून आम्ही हा लेख पुरा करतो.