बंदुकीचा दस्ता तडकला, तर खर्च किती?

मूल, सिंदेवाही, नागभीडपासून आरमोरीपर्यंतच्या धानपट्ट्यात काही जुन्या घरांतून शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक अजून आहे. नळी दोन पिढ्या टिकते. आधी तडकतो तो दस्ता. पावसाळाभर लाकूड ओल पिते आणि मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४७ अंशांपर्यंत चढला की आक्रसते. स्क्रू सैल पडतात, लोखंड आणि लाकूड यांच्यात फट राहते आणि प्रत्येक बाराचा धक्का मग दस्त्याच्या एकाच ठिकाणी बसतो.

पण सर्वांत मोठं कारण आपणच घरात करून ठेवलेलं असतं. बंदूक नळी वर करून कोपऱ्यात उभी ठेवतो. नळीला, घोड्याला लावलेलं तेल वर्षानुवर्षं खाली झिरपतं आणि दस्त्याचं तोंड काळं, मऊ पडतं. बंदूक रिकामी आहे याची दोनदा खात्री करा, मूठ दोन्ही हातांत धरून अंगठ्यांनी हलकेच दाबा. केसाएवढ्या रेघेतून तेलाचा ओलावा वर आला, तर तो वरवरचा चरा नाही. तडा आत गेला आहे.

इथे बहुतेकांचं पाऊल गावातल्या सुताराकडे वळतं. कृपा करून नेऊ नका. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो, आणि कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही शस्त्रच ठरतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना दुरुस्तीला किमान ७ वर्षांची शिक्षा आहे. दोनशे रुपये वाचवायला गेलेल्या शेतकऱ्यापायी त्या बिचाऱ्या सुताराचं घर उठेल.

तेव्हा दुरुस्तीचा परवाना असलेल्या शस्त्रविक्रेत्याकडेच जायचं, आणि खर्चाचा पहिला आकडा प्रवासाचा धरायचा. असं दुकान नागपूरला गाठायचं, तर गडचिरोलीहून सुमारे १७० किलोमीटर. सिरोंचाहून साडेतीनशेच्या वर. एकदा द्यायला, एकदा आणायला. परवाना कोणत्या क्षेत्रापुरता आहे ते निघण्याआधी वाचा. तो जिल्ह्यापुरता असेल, तर जिल्हाधिकारी कार्यालयात विचारल्याशिवाय सीमा ओलांडू नका. परवानाधारक म्हातारा असेल तर मुलाला पाठवता येतं. कलम ३ मध्येच तशी सोय आहे: परवानाधारकाचं लेखी अधिकारपत्र असलं की दुसरी व्यक्ती दुरुस्तीसाठी बंदूक नेऊ शकते. सोबत मूळ परवाना द्या, बंदूक रिकामी आणि पिशवीत ठेवा.

आता कामाचे पैसे. कुशल कारागिराचा दिवस १,००० रुपयांचा धरून मी हिशेब मांडतो. दुकानागणिक तो बदलेल, पण दिवस किती लागतात हे कळलं की भाव करता येतो. टोकाकडचा छोटा तडा असेल तर एक दिवस. तेल काढणं, इपॉक्सी भरणं, घट्ट आवळून २४ तास ठेवणं. साहित्याचे २०० धरून १,२००. दुकान जीएसटीत असेल तर १८ टक्के लावून १,४१६. मुठीतला तडा वेगळा. तिथे नुसता गोंद टिकत नाही, आडवी पितळी खीळ बसवावी लागते. दोन दिवस मजुरी, ३०० साहित्य, करासह २,७१४. वरून जवसाच्या तेलाचे हात हवे असतील तर प्रत्येक हाताला वाळायला वेळ लागतो. त्याचे पैसे वेगळे आहेत का, हे आधीच विचारा.

तडा मुठीच्या आरपार गेला असेल, किंवा लाकूड तेलाने नखाला मऊ लागत असेल, तर दुरुस्तीत पैसे घालू नका. नवा दस्ता हाताने कोरून लोखंडाला बसवायला आठवडाभर सहज जातो. म्हणजे मजुरीच ७,००० च्या घरात, लाकूड वेगळं. अक्रोड महाग, पण धक्का सोसायला उत्तम. शिसव जड, तरी भक्कम. आपल्या आलापल्लीच्या सागाचा मला अभिमान आहे, पण दस्त्याला मी तो सुचवणार नाही. दारा-खिडक्यांना तो सोनं आहे. धक्क्याने मात्र रेषेत चिरतो, आणि त्याच्या अंगच्या तेलामुळे जोडही नीट धरत नाही.

दुकानदाराला तीन गोष्टी विचारा: तडा भरण्याआधी तेल कशाने काढणार, खीळ पितळी की लोखंडी (लोखंड आत गंजून लाकूड फाडतं), आणि स्क्रू पुन्हा बसवताना लोखंडामागे जागा घट्ट भरणार का. पांढऱ्या गोंदाने चिकटवतो म्हणाला, तर उठून या. पावतीवर बंदुकीचा क्रमांक, परवाना क्रमांक आणि तारीख लिहून घेतल्याशिवाय बंदूक सोडू नका.

घरात बिनपरवान्याची भरमार बंदूक असेल, तर तिच्या दस्त्याचा हिशेबच करू नका. गडचिरोली पोलिसांनी अशा बंदुका जमा करण्याचं आवाहन अनेकदा केलं आहे आणि गावोगावी लोकांनी त्या दिल्याही आहेत.

दुरुस्त बंदूक घरी आली की तेलाचा हात अगदी हलका द्या, कोरड्या फडक्याने पुसून घ्या आणि कुलूपबंद पेटीत आडवी ठेवा. उभीच ठेवायची असेल, तर नळी खाली.