किल्ला नाही, पण पाझर तलावाची भिंत आहे

पुणेकराला रविवारी पहाटे सिंहगड असतो. किन्हीराजात तशी सोय नाही. जुन्या नागपूर–संभाजीनगर महामार्गावरचं वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातलं हे गाव. भोवती काळी वावरं, उंचसखल माळ आणि अधूनमधून टेकाडं. इथला भटक्या वर्षातून एकदा रात्रीची ट्रॅव्हल्स पकडून सह्याद्रीत जातो, कळसूबाईच्या शिड्यांवर धापा टाकतो आणि परत आल्यावर जोरात ठरवतो की आता रोज पहाटे पाचला उठायचं. बूट येतात. पंधरा दिवसांनी लग्नसराई लागते, नाहीतर सोयाबीन सोंगायला येतं, आणि बूट खाटेखाली जातात.

यात आळसाचा भाग थोडाच. बेत चुकीच्या कॅलेंडरवर आखला जातो, ही खरी अडचण. ‘रोज एक तास’ हा शहरातल्या नोकरदाराचा हिशोब आहे. आपल्याकडे वर्ष महिन्यांनी नाही, हंगामांनी चालतं. जूनमध्ये पेरणी, दसऱ्याच्या मागंपुढं सोंगणी आणि मळणी, पुढं तूर आणि हरभरा, मग लग्नं. कृषी केंद्रवाला असो, शिक्षक असो की बँकेतला माणूस, या चक्रातून कुणी सुटत नाही. म्हणून आधी पुढच्या भटकंतीची तारीख ठरवा आणि तिथून उलटं मोजत या.

पहिलं ध्येय म्हणून मी लोणार सुचवीन. बुलडाणा जिल्ह्यात असलं तरी आपल्याला सह्याद्रीपेक्षा कितीतरी जवळ. उल्केच्या आघातानं बेसॉल्टमध्ये पडलेलं हे विवर साधारण 1.8 किलोमीटर व्यासाचं आहे, म्हणजे काठाचा घेर सहा किलोमीटरच्या आसपास. काठावरून तळ्यापर्यंतचा उतार सव्वाशे मीटरहून जास्त. उतरताना माणूस गप्पा मारत जातो. चढताना गप्पा थांबतात. तिथंच कळतं, आपली तयारी किती झाली ते. परिसर अभयारण्याचा आहे, त्यामुळं नेमून दिलेल्या वाटा आणि वेळा पाळायच्या.

दहा आठवडे हाताशी ठेवा. सोंगणी आटोपली की नोव्हेंबरात सुरुवात आणि जानेवारीअखेर लोणार, हे गणित बसतं. उन्हाळ्यात हा खटाटोप नको. एप्रिलमध्ये सकाळी आठलाच ऊन डोक्यात जातं.

आता वेळेचा प्रश्न. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, आणि 2020 पासून तिनं ‘एका वेळी निदान दहा मिनिटं तरी’ ही अट काढून टाकली आहे. दुकान उघडण्याआधीची पंधरा मिनिटं आणि जेवणानंतरची दहा, सगळी मोजायची. आपल्या कामाचा आणखी एक पुरावा 2023 मध्ये आला. ब्रिटनमधल्या सुमारे नव्वद हजार लोकांच्या हालचाली मनगटावरच्या यंत्रानं मोजल्या, तेव्हा आठवड्याचा बहुतेक व्यायाम एक-दोन दिवसांत उरकणाऱ्यांनाही हृदयविकारापासून जवळजवळ तेवढंच संरक्षण मिळताना दिसलं. रविवारच्या भटक्यांची कुचेष्टा करणाऱ्यांना हे खुशाल ऐकवा. मात्र आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी एकदम वीस किलोमीटर चाललात, तर सोमवारी गुडघा हिशोब मागतो. आठवड्यात दोन-तीन छोट्या फेऱ्या हव्याच.

चालायचं कुठं? महामार्गाच्या कडेनं नको. ट्रक-ट्रॅव्हल्सच्या झोतात पहाटे पायी माणूस दिसत नाही. तालुक्यातून गेलेल्या समृद्धीवर तर पायी चालायला बंदीच आहे. चालायचं ते पांदणीनं. पुरतं फटफटल्यावर निघा. अंधारात साप आणि रानडुकरांचा धोका असतोच, पण अलीकडं त्याहून मोठी धास्ती कुंपणाची आहे. रोही आणि डुकरं आवरायला वावराभोवती तारा ओढलेल्या असतात आणि काही ठिकाणी त्यांत करंट सोडलेला असतो. पीक उभं असताना धुऱ्यानं आडवं घुसू नका, पांदण सोडू नका. पाऊस पडून गेल्यावर काळी माती तळव्याला थरावर थर चिकटते आणि प्रत्येक बूट किलोभर जड होतो. त्या दिवशी शाळेच्या मैदानाला फेऱ्या मारा.

चढाचा सराव पाझर तलावाच्या भिंतीवर होतो. गावाच्या शिवारात किंवा शेजारच्या गावाला अशी भिंत बहुधा सापडते. वरून चालत जायचं, टोकाला उतरायचं, पुन्हा चढायचं. पहिल्या आठवड्यात रिकाम्या पाठीनं, चौथ्यापासून पिशवीत दोन लिटर पाणी घेऊन. उतरताना गुडघे किंचित वाकलेले आणि पावलं लहान ठेवा. पिचिंगचे दगड हलत असतील तर त्यांच्यावरून न जाता मातीच्या पायवाटेनं जा.

बायकांची अडचण वेगळी असते, आणि पुरुषांनी लिहिलेल्या मार्गदर्शनात ती नेहमी गळते. घरचं आवरून बूट घालून निघालं की चार ओट्यांवरून विचारणा होते, “कुठं निघाल्या वहिनी एवढ्या घाईनं?” एकटीला याचं उत्तर देणं जड जातं. तिघी-चौघी मिळून निघाल्या की आठ दिवसांत लोकांची विचारायची सवय मोडते. गजानन महाराजांची पालखी शेगावहून पंढरपूरला जाताना आपल्याच जिल्ह्यातून, मेडशी-शिरपूर-रिसोडकडून जाते. तिच्या दर्शनाला कोसभर चालणाऱ्या बायकांना कुणी काही विचारत नाही. डव्ह्याच्या नाथनंगे महाराजांच्या यात्रेला पायी जायचं ठरवलं तर सरावाला घरातूनही होकार मिळतो. यात्रा रथसप्तमीला असते, म्हणजे वर सांगितलेल्या दहा आठवड्यांच्या जवळपासच.

वजनाबद्दल खरं सांगायचं तर नुसत्या चालण्यानं ते भराभर उतरत नाही. सत्तर किलोच्या माणसाचे पाच किलोमीटरमागं अंदाजे अडीचशे-तीनशे कॅलरी जातात; किलोभर चरबी म्हणजे सुमारे 7,700. फेरीवरून येताना स्टँडवर दोन आलूबोंडे आणि गोड चहा झाला की सकाळची कमाई तिथंच संपली. मी आलूबोंडा सोडा म्हणणार नाही, तेवढा कठोर मी नाही. तो फक्त रविवारच्या मोठ्या फेरीपुरता ठेवा. बाकी दिवस ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, पालेभाजी यांत काही कमी नाही. कमी करायची ती चहातली साखर आणि रात्री दहाचं जेवण. काटा आठवड्यातून एकदाच. त्यापेक्षा शिंप्याची टेप बरी. आपल्याकडच्या पुरुषांनी कंबर 90 सेंटिमीटरच्या आत आणि बायकांनी 80 च्या आत ठेवावी, असं डॉक्टर सांगतात.

मध्येच खंड पडला तर? पडणारच. लंडनमध्ये झालेल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले. कुणाला 18 पुरले, तर कुणाचा अंदाज 254 पर्यंत गेला. आणि एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही. मळणीयंत्र दारात उभं असताना फेरीचा हट्ट नको. त्या आठवड्यात फक्त रात्री जेवणानंतर गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन या. मळणी संपली की पुढच्या रविवारी पुन्हा तलावाच्या भिंतीवर, पिशवीत मात्र एकच लिटर पाणी.

मधुमेह, रक्तदाब किंवा छातीचं जुनं दुखणं असेल तर भिंत चढण्याआधी डॉक्टरांना दाखवा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यानं उपाशीपोटी लांब निघू नये, खिशात गुळाचा खडा किंवा साखर ठेवावी, आणि सोबत्याला ते आधीच सांगून ठेवावं.