सोयाबीनवरील खोडमाशीची शरीररचना

वर्धा तालुक्यातील आंजी (मोठी) व आसपासच्या शिवारात कपाशी आणि तुरीबरोबर सोयाबीनचेही पीक घेतले जाते. या पिकाच्या खोडातील गाभा पोखरणारी खोडमाशी बाहेरून सहसा नजरेस पडत नाही. झाड हिरवे दिसते; पुढे दाणे बारीक राहिले म्हणजे दोष पावसास अथवा बियाण्यास दिला जातो. यास्तव ही कीड तिच्या अवयवांवरून ओळखता येणे अगत्याचे आहे.

शास्त्रास या जातीचा परिचय १९०० साली झाला. जावा बेटात संशोधन करणारे कीटकशास्त्रज्ञ झेन्टनर यांनी तिचे वर्णन केले. आज ती मेलानाग्रोमायझा सोजे या नावाने ओळखली जाते.

प्रौढ माशी चकचकीत काळी, लांबीने जेमतेम २ मिलिमीटर, म्हणजे घरमाशीहून कितीतरी लहान असते. पंखांची जोडी एकच. मागील जोडीच्या जागी बारीक दांडीवर गाठ असावी तसे दोन संतोलक असतात व ते उडताना तोल सांभाळतात. मादीच्या उदराचे टोक कठीण नळीसारखे असते. त्याने ती कोवळ्या पानास छिद्रे पाडते, पाझरणारा रस चाखते आणि काही छिद्रांत अंडी घालते. नरास ही नळी नाही. तो मादीने पाडलेल्या छिद्रांवरच पोसला जातो! अशा काळ्या माशांच्या जाती पुष्कळ असल्याने तज्ज्ञांना नराचे जननांग सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागते. शेतकऱ्यास मात्र अळी पाहणे पुरे.

अळी फिकट पांढरी असून तिला पाय नसतात, स्वतंत्र डोकेही नसते. निमुळत्या पुढील टोकाशी दोन काळे आकडे असतात. त्यांनी ती पेशी खरवडते आणि पानाच्या शिरेतून देठात, देठातून खोडात उतरते. मागील टोकावर श्वसनरंध्रांची जोडी असते. माशीला चावण्याचे अवयव नसल्यामुळे कोषात जाण्यापूर्वी अळीच खोडास बाहेर पडण्याचे छिद्र करून ठेवते.

संशयित झाड उपटून खोड उभे चिरावे. आत लालसर, नागमोडी पोकळी व बिनडोक्याची अळी किंवा तपकिरी कोष आढळल्यास ती खोडमाशी होय. चक्री भुंग्याची अळीही खोड पोखरते. परंतु तिचे डोके स्पष्ट दिसते आणि देठावर वा खोडावर भुंग्याने कोरलेल्या दोन चकत्या असतात.

रोपे दोन-तीन पानांवर असताना कीड लागल्यास ती वाळतात. मोठे झाड तगते, पण शेंगा कमी धरते. गाभ्यातील अळीपर्यंत फवारा नीट पोहोचत नाही, म्हणून पेरणीपूर्वी शिफारशीनुसार बीजप्रक्रिया करणे अधिक श्रेयस्कर. उगवणीनंतर शेताच्या निरनिराळ्या भागांतील झाडे चिरून पाहावीत व १० ते १५ टक्के झाडे कीडग्रस्त आढळल्यास सहायक कृषी अधिकाऱ्याच्या सल्ल्याने उपाय योजावा.