दूध किती, आणि त्यासाठी चारा किती?

ताईंनो, कर्ज काढून गाय घ्यायची म्हटलं की आपला पहिला प्रश्न असतो, "दूध किती देते?" दुसरा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे: "त्यासाठी खाते किती?" कारण कर्जाचा हप्ता खर्च वजा करून उरलेल्या पैशातूनच जातो.

दुधाळ संकरित गाईला रोज वजनाच्या साधारण ३ टक्के शुष्क पदार्थ लागतो. शुष्क पदार्थ म्हणजे चाऱ्यातलं पाणी सोडून उरतं ते. १० किलो हिरव्या चाऱ्यात तो जेमतेम २ किलो असतो, तर १० किलो वाळलेल्या कडब्यात सुमारे ९ किलो.

आता एक उदाहरण मांडू.

एचएफ संकरित: वजन ५०० किलो, दूध १४ लिटर, फॅट ३.५. शुष्क पदार्थ लागतो १५ किलो.

जर्सी संकरित: वजन ३५० किलो, दूध १० लिटर, फॅट ४.५. शुष्क पदार्थ लागतो साडेदहा किलो.

बादलीत ४ लिटरचा फरक दिसतो. पण १ किलो शुष्क पदार्थामागे दोघींचं दूध जवळपास सारखंच, साडेनऊशे मिलीच्या आसपास. दिवसाचं फॅट एचएफचं सुमारे ४९० ग्रॅम, जर्सीचं ४५० ग्रॅम. म्हणजे जर्सी जवळपास तितकंच फॅट कमी चाऱ्यात देते.

मग एचएफ वाईट का? तसं नाही. बारमाही पाणी, हिरवा चारा आणि सावलीचा गोठा असेल, तर जास्त लिटरचा फायदा मिळतो. चारा विकत घ्यावा लागत असेल, तर लहान बांध्याची जर्सी संकरित परवडू शकते. गीर दूध कमी देते, पण ऊन आणि गोचीड चांगलं सोसते. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने एचएफ, जर्सी आणि गीर या तिन्हींच्या संकरातून 'फुले त्रिवेणी' तयार केली, ती या तिघींचे गुण एकत्र यावेत म्हणूनच.

घरी हे करून बघा:

१. सात दिवस चारा आणि खुराक ताणकाट्यावर मोजून घाला. गव्हाणीत उरलेलं वजा करा.
२. दोन्ही वेळचं दूध आणि डेअरीच्या पावतीवरचं फॅट लिहा.
३. दुधाच्या पैशातून चारा-खुराकाचे पैसे वजा करा. घरच्या वैरणीलाही बाजारभाव लावा, ती फुकट नसते. आपणच डोक्यावरून आणतो ना!
४. भाकड महिने विसरू नका. तेव्हा दूध नसतं, खाणं चालूच असतं.

तुलना करताना एक गाय ताजी व्यालेली आणि दुसरी सहाव्या महिन्यातली, असं नको. वेताचा महिना सारखा असू द्या.

पुढच्या मासिक बैठकीला वही घेऊन या. ज्यांना गाय घ्यायची आहे, त्यांनी आधी इतरांचे आकडे बघावेत आणि मगच कर्जाचा अर्ज भरावा.